बस्टर कीटन : दोन टनांची भिंत आणि दोन इंचांची फट

मूकपट

बस्टर कीटनचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, तो कधी हसत नसे. दोन, बोलपट आले आणि तो संपला. पहिलं वाक्य पडद्यापुरतं बहुतांशी खरं आहे, दुसरं साफ चूक. या दोन वाक्यांखाली त्याचं खरं काम झाकून जातं, म्हणून हा धागा काढतोय. कीटन हाडाचा यंत्रज्ञ होता. त्याचा प्रत्येक मोठा विनोद मापं घेऊन, खिळे ठोकून, वजनं तोलून उभा केलेला असे. हे सगळं त्याच्या हातात होतं तोवर त्याने जे केलं त्याला तोड नाही. ते हातातून गेलं आणि सगळंच गेलं.

जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्ससमधल्या पिक्वा या खेड्यात. आई मायरा आणि वडील जो औषधं विकणाऱ्या फिरत्या खेळाबरोबर तिथे आले होते, त्या गावाशी संबंध एवढाच. पाचेक वर्षांचा झाल्यावर तो आईवडिलांबरोबर रंगमंचावर उभा राहू लागला. 'द थ्री कीटन्स' हा त्यांचा व्होडव्हिलमधला तुकडा. (व्होडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नाच, जादू, कसरती, नकला असे एकामागून एक तुकडे.) बाप व्रात्य पोराला वळण लावू पाहतो आणि पोरगा बापाला जेरीस आणतो, एवढंच कथानक. जो त्याला उचलून नेपथ्यावर आदळे, वादकांच्या खड्ड्यात भिरकावे. पकड नीट बसावी म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीमागे चक्क सुटकेसची मूठ शिवलेली असे.

कोरा चेहरा इथलाच. पडल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, आणि काहीच झालं नाही असा चेहरा ठेवला तर थिएटर डोक्यावर घेतात, हे त्याला लहानपणीच कळलं. तो चेहरा म्हणजे कुठलं दुःख नव्हे, हजारो प्रयोगांत तावून सुलाखून घेतलेलं तंत्र आहे.

१९१७ पर्यंत जोचं पिणं हाताबाहेर गेलं. उडवाउडवीच्या खेळात समोरच्याचा हात आणि वेळ अचूक लागते, प्यालेल्या माणसाबरोबर तो खेळ जिवावर बेतू शकतो. मायलेकांनी खेळ मोडला. न्यूयॉर्कला एका मोठ्या संगीत-नृत्याच्या खेळात आठवड्याला २५० डॉलरचं काम कीटनला मिळालं होतं. त्याआधी तो रोस्को आर्बकल या विनोदी नटाच्या स्टुडिओत सहज म्हणून गेला, 'द बुचर बॉय' या लघुपटात एक प्रसंग करून बघितला, आणि २५० चं काम सोडून ४० डॉलरवर तिथेच राहिला. तिथे त्याने पहिल्यांदा कॅमेरा मागून घेतला आणि खोलून पाहिला. फिल्म कुठून शिरते, शटर कधी मिटतं, फ्रेम कशी पुढे सरकते, हे आधी समजून घेतलं. पुढचं सगळं या एका कृतीतून आलंय असं माझं ठाम मत आहे.

सई

छान सुरुवात. पण मुलाला असं भिरकावणं कायद्यात बसत होतं का? आणि त्याला लागत कसं नव्हतं?

मूकपट

सई, कायद्याच्या बाजूने कटकट सतत होती. न्यूयॉर्कची बालछळ प्रतिबंधक संस्था त्यांच्या मागे लागलेलीच असे. तिथल्या कायद्यात लहान मुलांनी रंगमंचावर कसरती करण्यावर बंदी होती. पण 'दुसऱ्याने फेकलेलं मूल' ही कल्पनाच कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आली नव्हती. त्याचे कपडे उतरवून वळ-जखमा तपासल्या गेल्या, तेव्हा अंगावर काही सापडलं नाही.

न लागण्याचं कारण त्याने स्वतः सांगून ठेवलंय. अंग सैल सोडायचं आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणी पाऊल किंवा हात पुढे करून वेग मोडायचा. नवशिका पडताना अंग आवळतो, सगळा मार एकाच सांध्यावर येतो आणि मनगट नाहीतर खांदा जातो. कीटन पडतो तेव्हा मार कधीच एका जागी बसत नाही. आधी तळवा, मग पोटरी, मांडी, पाठ, अशी ती घसरत गेलेली लाट असते. 'वन वीक' (१९२०) हळू वेगात बघा, स्पष्ट दिसतं.

छायाप्रकाश

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर 'द प्लेहाउस' (१९२१) बद्दल लिहितो. त्याआधी 'द इलेक्ट्रिक हाउस'च्या चित्रीकरणात सरकत्या जिन्यात बूट अडकून कीटनचा पाय मोडला होता. त्यामुळे धडपडीऐवजी कॅमेऱ्याची करामत असलेला लघुपट करायचं ठरलं. त्यात एका चौकटीत नऊ कीटन एका रांगेत बसून खेळ करतात.

आज संगणकावर हे चुटकीसरशी होतं. तेव्हा एकच निगेटिव्ह होती आणि ती नऊ वेळा कॅमेऱ्यातून गेली. भिंगापुढे एक पेटी बसवली, तिला नऊ उभ्या झडपा. पहिली झडप उघडून पहिला कीटन चित्रित करायचा, बाकीचे आठ पट्टे अंधारात. मग फिल्म नेमक्या त्याच फ्रेमपर्यंत उलटी गुंडाळायची, पहिली झडप बंद, दुसरी उघडी, दुसरा कीटन. असं नऊ वेळा.

अडचण अशी की कॅमेरा हाताने फिरवायचा होता. मुठीच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम सरकतात, सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम. एखाद्या खेपेला हात थोडा मंदावला तर तो एकच कीटन इतरांपेक्षा झपझप हलताना दिसणार. आणि आठव्या खेपेला चूक झाली तर आधीच्या सातही वाया, कारण निगेटिव्ह एकच. एल्जिन लेसली हा छायाचित्रकार हाताच्या स्थिर गतीसाठी नावाजलेला होता, म्हणून हे जमलं. आणि कीटनने प्रत्येक हालचाल मेट्रोनोमच्या (एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर बसवली होती. आपल्याकडे तबलजी लेहऱ्यावर सम गाठतो तशी. नवव्या कीटनने मान वळवली ती पहिल्या कीटनच्या त्याच मात्रेवर.

'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) मध्ये याच्याही पुढचं आहे. सिनेमाचं यंत्र चालवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात पडद्यात शिरतो. सुरुवातीला जो 'पडदा' दिसतो तो पडदाच नाही. तिथे रंगमंचावर खरा सेट उभारून चित्रपट चालू असल्यासारखा उजळलाय, म्हणून तो सरळ चालत आत जाऊ शकतो. मग त्याच्याभोवतीची दृश्यं बदलत जातात आणि तो मात्र त्याच जागी राहतो. बाकावर बसायला जातो तोवर बाक जाऊन भर रस्ता येतो आणि तो आदळतो. दरीचं टोक, सिंह, समुद्रातला खडक, बर्फ.

हे जुळवायला त्यांनी जमीन मोजणाऱ्यांची साधनं वापरली. कॅमेरा ते कीटन हे अंतर, कॅमेऱ्याची उंची, कोन, सगळं लिहून ठेवून पुढच्या ठिकाणी तेच्या ते मांडायचं. शिवाय आधीच्या दृश्याची शेवटची फ्रेम धुऊन कॅमेऱ्यात बसवायची आणि तिच्यावर कीटनची नवी आकृती तंतोतंत पडते का ते पाहायचं. इंचभर जरी सरकलं तरी कापाच्या (एक दृश्य संपून दुसरं जोडलं जातं त्या) जागी तो उडी मारल्यासारखा दिसला असता.

याच चित्रपटात मालगाडीच्या टपांवरून पळत येऊन तो इंजिनाला पाणी देणाऱ्या टाकीच्या सोंडेला लटकतो. पाण्याचा लोट अपेक्षेपेक्षा फार जोरात आला, तो खाली पडला आणि मान रुळावर आपटली. काही दिवस डोकं दुखत राहिलं, काम चालूच होतं. मानेचा मणका तेव्हाच मोडला होता हे अनेक वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत दिसलं. तो शॉट चित्रपटात तसाच आहे.

निळी_शाई

कीटनच्या त्या चपट्या टोपीबद्दल कुणी सांगेल का? आमच्या नाट्यगटाला एका मूकनाट्यासाठी हवी आहे. बाजारातली पोर्क पाय टोपी घातली की तसं दिसत नाही.

मूकपट

बाजारातल्या टोपीचा माथा उंच आणि काठ मऊ असतो, म्हणून. कीटन टोप्या स्वतः बनवायचा. चांगली स्टेट्सन (रुंद काठाची नमदा टोपी) घेऊन माथा कापून बसका करायचा आणि काठ साखरेच्या पाण्याने कडक करायचा. प्रमाण त्यानेच दिलेलं आहे: चहाच्या कपभर कोमट पाण्यात तीन शीग भरून चमचे साखर. काठ वरून-खालून भिजवायचा, स्वच्छ आणि टणक पृष्ठभागावर सपाट दाबायचा आणि पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्यायचा.

दोन गोष्टी सांभाळा. लोकरीची नमदा टोपीच घ्या, कापडी टोपीला साखर धरत नाही, डाग मात्र पडतात. आणि तालमीत पाणी किंवा घाम लागला की काठ मऊ पडून लोंबतो, पावसाळी हवेत तर चिकटही होतो. कीटनलाही एका चित्रपटाला अनेक टोप्या लागत. तुम्ही किमान दोन तयार ठेवा.

कातळ

मुख्य प्रसंगाकडे कुणी वळतच नाहीये. ती भिंत! शीर्षकात दिलीय तर लिहा ना.

मूकपट

कातळ, घ्या. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर', १९२८. सॅक्रॅमेंटो नदीच्या काठावर अख्ख्या गावाचा देखावा उभारला होता. शेवटी पूर येणार होता, पण १९२७ साली मिसिसिपीच्या महापुराने हाहाकार केला होता आणि पुरावर विनोद नको असं निर्मात्यांचं म्हणणं पडलं. पुराचं वादळ झालं.

प्रसंग असा की कीटन घराकडे पाठ करून उभा आहे. वाऱ्याने घराची पूर्ण दर्शनी भिंत सुटते आणि त्याच्यावर कोसळते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावर येते आणि तो उभाच्या उभा वाचतो. वजन चार हजार पौंड, म्हणजे जवळजवळ दोन टन.

आधी घराचा सांगाडा उभारला आणि खालच्या बिजागऱ्या पक्क्या आहेत याची खात्री केली. छप्पर उंच उतरत्या आकाराचं घेतलं, म्हणजे खिडकी बरीच वर, सुमारे अठरा फुटांवर ठेवता येते. सांगाडा जमिनीवर आडवा केला, कीटन त्यात उभा राहिला आणि त्याच्याभोवती खिडकी बांधली. दोन्ही खांद्यांना दोन-दोन इंच मोकळे, डोक्याजवळ दोन इंच, टाचांमागे दोन इंच. मग जिथे टाचा होत्या तिथे जमिनीत मोठे खिळे ठोकले. भिंत परत उभी केली, फळ्या, रंग, घरापासून फाटल्यासारखी दिसणारी कड, आतल्या खोल्या, सगळं नंतर. म्हणजे क्रम उलटा आहे. माणूस आधी, त्याच्या मापाने खिडकी, खिडकीच्या जागेवरून घर.

आता वारा. लिबर्टी विमान-इंजिनांचे सहा पंखे लावले होते, ट्रक रस्त्यावरून उचलतील इतक्या ताकदीचे. धोका इथे होता. भिंत पडत असताना वाऱ्याचा झोत तिच्यावर आला तर ती पिळवटते. एक कोपरा आधी खाली येतो आणि खिडकी ठरल्या जागेवर पडत नाही. म्हणून पंखे असे लावले की चौकटीच्या पुढे आणि मागे धूळ-पाचोळा उडताना दिसेल, पण भिंतीच्या तोंडावर झोत जाणार नाही. शॉट एकदाच घेतला.

हाच विनोद त्याने आधी दोनदा करून पाहिला होता हे विसरू नका. १९१९ च्या 'बॅकस्टेज'मध्ये हलकं नेपथ्य आर्बकलवर पडतं आणि खिडकीतून तो वाचतो. 'वन वीक'मध्ये भिंत कीटनवर पडते. नऊ वर्षांत तोच विनोद कापडी नेपथ्यापासून दोन टनांपर्यंत आला. आणि तो पूर्ण लांबून, एकाच अखंड शॉटमध्ये दाखवला आहे. मध्ये काप असता तर प्रेक्षकाला शंका आली असती, आणि शंका आली की हसू गेलं.

रूळमित्र

'द जनरल' (१९२६) वर आमच्यासारख्या रेल्वेवेड्यांनी लिहायलाच हवं. मूळ घटना १२ एप्रिल १८६२ ची. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या हेरांनी जॉर्जियात बिग शँटी इथून 'जनरल' हे इंजिन पळवलं, दक्षिणेच्या लोकांनी पाठलाग केला. आधी पायी, मग रुळावरच्या ढकलगाडीने, शेवटी 'टेक्सस' या इंजिनाने, तेही उलटं चालवत. दोन्ही खरी इंजिनं आजही आहेत, 'जनरल' केनेसॉच्या संग्रहालयात, 'टेक्सस' अटलांटात. चित्रपटातली इंजिनं मात्र ती नव्हेत. ऑरेगनमधल्या लाकूडतोडीच्या मार्गावरची जुनी इंजिनं घेऊन ती १८६० च्या दशकातली दिसावीत अशी सजवली होती.

ऑरेगनच का? कॉटेज ग्रोव्हजवळ जुने लाकूडवाहू मार्ग होते, तो काळ शोभेल असे. आणि काही ठिकाणी रूळ समांतर होते. धावत्या इंजिनाचं इतकं स्थिर चित्रण दुसऱ्या रुळावर कॅमेरा असल्याखेरीज होत नाही. रस्त्यावरच्या मोटारीतून केलं असतं तर चौकट हिंदकळली असती.

आता तो दांडा. उदास झालेला कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू होतं आणि तो बसल्या बसल्या गोलाकार वर-खाली होत शेडमध्ये जातो. बघताना किती साधं वाटतं. वाफेच्या इंजिनाला उभ्या स्थितीतून सुटताना वाफ जरा जास्त दिली की चाकाची रुळावरची पकड सुटते, इंजिन जागेवर आणि चाकं गरगर. तसं झालं असतं तर दांड्याने त्याला भिरकावलंच असतं किंवा चाकात ओढलं असतं. चालकाने वाफ थेंबाथेंबाने सोडावी लागते. रूळ कोरडे लागतात, दवाने ओले असले तर घसरण्याची शक्यता वाढते. ज्यांनी वाफेचं इंजिन सुटताना जवळून पाहिलंय त्यांच्या अंगावर या शॉटला काटा येतो.

स्लीपरचा प्रसंग पदार्थविज्ञानाच्या वर्गात दाखवावा असा. चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर कीटन एक स्लीपर (रुळांखाली आडवा घालतात तो लाकडी ओंडका) छातीशी घेऊन बसलाय. पुढे रुळावर दुसरा स्लीपर आडवा, एक टोक रुळाबाहेर. तो हातातला स्लीपर त्या बाहेरच्या टोकावर टाकतो. रूळ टेकू होतो, तरफेसारखं दुसरं टोक उडतं आणि दोन्ही स्लीपर बाजूला. मधोमध टाकला असता तर काहीच हललं नसतं आणि इंजिन दोन्हींवर चढलं असतं.

तोफेच्या प्रसंगात गोळा हळूच उडून त्याच्याच इंजिनाच्या केबिनमध्ये पडायला हवा होता. त्यासाठी दारूचे कण चिमट्याने मोजून घातले. दोन-चार कण जास्त म्हणजे गोळा इंजिनापलीकडे, कमी म्हणजे डब्यावरच.

आणि पूल. २३ जुलै १९२६, राउ नदीवर बांधलेला खरा लाकडी पूल, खरं इंजिन, सहा कॅमेरे. खांब आधी कापून कमकुवत केले होते, पुलाला आग लावली आणि इंजिन मध्यावर आल्यावर सगळं खाली. या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर. चालकाच्या जागी बाहुला बसवला होता, तरी बघ्यांमधून किंकाळ्या उठल्या, हजारो माणसं जमली होती. इंजिन नदीतच पडून राहिलं, दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून काढलं गेलं. दोन्ही बाजूंचे सैनिक ऑरेगनच्या नॅशनल गार्डची तीच माणसं, गणवेश बदलून. इंजिनं लाकडावर चालत असल्याने ठिणग्यांनी रानात आगी लागत, सैनिकच विझवायला धावत. धुराने प्रकाश इतका खराब झाला की चित्रीकरण काही काळ थांबवावं लागलं.

सई

रूळमित्र, वाचून मजा आली. मग इतका सुंदर चित्रपट पडला कसा?

मूकपट

खर्च साडेसात लाख डॉलरच्या आसपास, अमेरिकेतली कमाई पावणेपाच लाखांच्या घरात. समीक्षकांनाही रुचला नाही. युद्धात माणसं मरताना दाखवून विनोद कसा, हा एक आक्षेप. दुसरं म्हणजे लोक सलग हशा मागायला आले होते आणि इथे अर्धा वेळ तणाव आहे. १९७२ च्या 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट मासिकाच्या कौलात तोच चित्रपट जगातल्या पहिल्या दहांत होता, आणि १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीच्या पहिल्याच यादीत आला. पण त्याचा १९२७ सालच्या कीटनला उपयोग नव्हता.

यातूनच पुढचं घडलं आणि ते नात्यागोत्याचं प्रकरण आहे. कीटनचा निर्माता जोसेफ शेंक. शेंकची बायको नॉर्मा टॅल्मेज, कीटनची बायको नॅटली टॅल्मेज. सख्ख्या बहिणी. म्हणजे निर्माता आणि नट साडू. कीटनच्या नावाच्या कंपनीत कीटनचे भाग नव्हते, तो पगार आणि नफ्यातला हिस्सा घेई, आणि साडूवर भिस्त टाकून कागद वाचायच्या भानगडीत पडत नसे. १९२८ मध्ये शेंकने त्याला एमजीएम या बड्या स्टुडिओकडे जायला सांगितलं. एमजीएमच्या मूळ कंपनीचा प्रमुख निकोलस शेंक, जोसेफचा भाऊ. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड या दोघा विनोदवीरांनी जाऊ नको म्हणून सांगितलं. तो गेला. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, असं पुढे तो स्वतःच म्हणत असे.

फरक काय पडला ते नीट पाहा. स्वतःच्या स्टुडिओत लिहिलेली पटकथा नसे. सुरुवात आणि शेवट ठरवायचा, मधलं आपोआप सुचतं ही त्यांची पद्धत. अडलं की सगळे बेसबॉल खेळायला जात, सुचलं की परत कामाला. एमजीएममध्ये प्रत्येक पान आधी मंजूर हवं, खर्चाचा अंदाज हवा, बदल करायचा तर वरून परवानगी. भिंत मापाने पुन्हा बांधायची मुभा तिथे कोण देणार? 'द कॅमेरामन' (१९२८) हा पहिला चित्रपट अजून त्याचा वाटतो, 'स्पाइट मॅरेज' थोडाफार. त्यानंतर बोलपट.

आणि आता ते चुकीचं वाक्य. त्याचा आवाज वाईट नव्हता, भारदस्त आणि कोरड्या विनोदाला साजेसा होता. त्याचे एमजीएमचे बोलपट चांगले चाललेही, मूकपटांपेक्षा जास्त. काही चित्रपट तर इतर भाषांतही तेव्हाच पुन्हा चित्रित होत. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन वाक्यं उच्चाराप्रमाणे पाठ करून तोच प्रसंग तो परत परत करी. ते चित्रपट वाईट आहेत ते संवादांमुळे आणि त्याला दिलेल्या गयावया करणाऱ्या भूमिकांमुळे. मूकपटातला कीटन कधीच कीव मागत नाही, तो उपाय शोधतो. दारू वाढली, १९३२ ला घटस्फोट झाला, दोन्ही मुलांचं आडनाव बदलून टॅल्मेज केलं गेलं, १९३३ मध्ये एमजीएमने काढून टाकलं.

दर्यावर्दी

जरा मागे जातो. 'द नॅव्हिगेटर' (१९२४) सुटता कामा नये. त्यातलं जहाज 'बफर्ड' हे खरं जुनं लष्करी वाहतुकीचं जहाज, १९१९ साली अमेरिकेने हद्दपार केलेल्या क्रांतिकारकांना याच जहाजातून नेलं होतं.

पाण्याखालचा प्रसंग आधी एका तरणतलावात करून पाहिला, जमलं नाही. मग नितळ पाण्यासाठी टाहो सरोवर गाठलं. तिथलं पाणी इतकं गार की पाणबुड्याच्या पोशाखातही कीटनला एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त खाली राहता येत नव्हतं. कॅमेरे आणि छायाचित्रकार वजनं बांधलेल्या पेटीतून खाली सोडले, पेटीला पाण्यावर येणारी हवेची नळी. पण आतल्या माणसांच्या उबेने काचेवर बाष्प धरायचं. उपाय असा की पेटीत जवळपास तीनशे पौंड बर्फ ठेवला, आतलं तापमान बाहेरच्या पाण्याइतकं आणलं, काच स्वच्छ. पडद्यावर काही मिनिटांचा असलेला हा भाग चित्रित करायला चार आठवडे लागले.

छायाप्रकाश

वा, बर्फाची ही युक्ती आजही कळण्यासारखी आहे. थंड खोलीतून कॅमेरा दमट हवेत काढला की भिंग धुरकटतं ते याच कारणाने, फक्त उलट दिशेने.

उत्तरार्धाबद्दल थोडक्यात लिहितो. १९३४ ते ४१ या काळात एज्युकेशनल आणि कोलंबिया या कंपन्यांसाठी त्याने स्वस्तातले लघुपट केले, मूठभर सोडले तर बघण्यासारखे नाहीत. मग त्याच एमजीएममध्ये आठवड्याला १०० डॉलरवर इतरांसाठी विनोद रचायचं काम. १९४० साली एलिनॉर नॉरिस या नर्तिकेशी लग्न झालं, ते शेवटपर्यंत टिकलं आणि त्याला सावरणारं ठरलं. पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत त्याने खेळ केले. १९४९ मध्ये 'लाइफ' मासिकात जेम्स एजीचा मूक विनोदपटांवरचा लेख आला आणि लोकांना परत त्याची आठवण झाली. 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये (१९५०) पत्ते खेळणारा वृद्ध, 'लाइमलाइट'मध्ये (१९५२) चॅप्लिनबरोबर एकमेव प्रसंग. १९६० साली मानद ऑस्कर.

पण चित्रपट वाचले ते वेगळ्याच वाटेने. बेव्हर्ली हिल्समधलं त्याचं जुनं घर पुढे जेम्स मेसन या नटाने घेतलं. त्या आवारातल्या फिल्मच्या कोठडीत कीटनच्या चित्रपटांची रिळं मिळाली. ती नायट्रेट होती. नायट्रेट फिल्म जुनी झाली की आधी चित्र फिकं होतं, मग थर चिकट होतात, फोड येतात, शेवटी तपकिरी भुकटी. ती पेटली की विझत नाही, कारण जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते. पाण्यात बुडवली तरी जळते. रेमंड रोहॉअर या वितरकाने कीटनशी भागीदारी करून त्या रिळांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती काढल्या. आपल्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळं उरलीच नाहीत, आणि पुण्यात २००३ साली नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत किती गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रूळमित्र

शेवटच्या कामांपैकी 'द रेलरॉडर' (१९६५) माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा चोवीसेक मिनिटांचा निःशब्द रंगीत लघुपट. रुळाची पाहणी करायची छोटी मोटारगाडी घेऊन कीटन पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातो. चित्रीकरणावर वेगळा माहितीपटही निघाला. त्यात एक वाद टिपलाय. उंच पुलावरून गाडी जात असताना कीटन भलामोठा नकाशा उघडतो, वाऱ्याने तो त्याच्याभोवती गुंडाळतो आणि त्याला काही दिसत नाही, असा विनोद त्याला हवा होता. दिग्दर्शक गेराल्ड पॉटर्टनला ते धोक्याचं वाटत होतं, वय एकोणसत्तर. कीटनचं म्हणणं होतं की यात धोका काही नाही, हा पोरखेळ आहे. त्याचंच ऐकलं गेलं. नकाशा पुलावरच उघडतो.

१ फेब्रुवारी १९६६ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. आदल्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला होता, तेवढं त्याला बघायला मिळालं.

सई

आता पाहायचं कुठून सुरू करू? आणि यूट्यूबवर सगळे तुरुतुरु पळताना का दिसतात?

छायाप्रकाश

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. हाताने चित्रित केलेली फिल्म सेकंदाला सोळा ते बावीस फ्रेमच्या आसपास असे. ती बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने जशीच्या तशी चढवली की माणसं पळतात. अठराने चित्रित केलेली फिल्म चोवीसने चालली तर वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो. अशा वेळी प्लेअरचा वेग ०.७५ करा, बरोबर अठरावर येतो. संगीत बेसूर होईल, आवाज बंद करा. मात्र सगळीकडे हे करू नका. पाठलागाचे काही प्रसंग मुद्दाम हळू फिरवून चित्रित केलेत, म्हणजे ते पडद्यावर वेगानेच दिसायला हवेत. चालणाऱ्या माणसाचं पाऊल पाहा, ते नैसर्गिक वाटलं की वेग बरोबर. इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेमाटेकने (चित्रपट-संग्रहालयाने) २०१५ पासून कीटनच्या चित्रपटांचं नव्याने जतन हाती घेतलंय, त्या प्रती मिळाल्या तर हा खटाटोप लागत नाही.

मूकपट

सई, आधी 'वन वीक', वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. फिरणारं घर खरंच फिरणाऱ्या चक्रावर बांधलेलं आहे, ते लक्षात ठेवून बघा. मग 'कॉप्स' (१९२२), मग 'शेरलॉक ज्युनिअर', पाऊण तासाचा. मोठ्या पडद्याची सोय झाली तर 'द जनरल', फोनवर नको, कारण त्यातले निम्मे विनोद चौकटीच्या मागच्या भागात घडतात. कीटन पुढे लाकूड फोडतोय आणि मागे अख्खं सैन्य माघार घेत निघून जातं, ते लहान पडद्यावर दिसतच नाही.

'स्टीमबोट बिल' शेवटी ठेवा. भिंतीचा शॉट आला की थांबवून त्याच्या टाचांकडे पाहा. भिंत पडते, धूळ उठते, आणि टाचा खिळ्यांच्या जागेवरून तसूभर हलत नाहीत.